चौदा राहिला

आधीच सांगते, हे लिहायला मी तीन वेळा बसले आणि तीन वेळा उठून भांडी घासायला गेले. इथले अनुभव मी अधूनमधून वाचते. वाचताना मनात पहिला प्रश्न हाच यायचा – या माणसाची झोप नीट झाली होती का? माझा स्वभावच तसा. बावीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतेय. घरात देवघर आहे, पण ते आईचं. मी निरांजन लावते, कारण तिला आता काडी ओढता येत नाही. भूत, भानामती, संकेत यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानते असं नाही. फक्त मागच्या पावसाळ्यात माझ्या घरात जे झालं, ते ठेवायला माझ्याकडं दुसरा कप्पा नाही. म्हणून इथं.

माझं वय एकोणपन्नास. संभाजीनगरला सिडकोत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. घरात मी आणि आई. भाऊ पुण्याला, रविवारी व्हिडिओ कॉल करतो. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती – कानाला हेडफोन लावून नंबर जोडून द्यायच्या काळातली. चार वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा कुठं ठेवला ते, मग गॅस, मग शेजारीण, मग मी. मला ती ‘बाई’ म्हणते. कधी मी तिची सुपरवायझर असते. शहराचं नाव बदललंय हे तिला माहीत नाही, बाबा गेलेत हेही माहीत नाही... दोन्ही सांगायचं मी सोडून दिलंय.

दिवसा तिच्याजवळ शोभाताई असतात. दौलताबादच्या, पन्नाशीच्या आसपासच्या. मला लांब जायचं असलं की आदल्या दिवशीच मुक्कामाला येतात. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण अक्षर स्वच्छ. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आई कधी बेचैन होते, काय बोलते, किती वाजता बोलते, ते लिहून ठेवा. म्हणून शोभाताई एका दोनशेपानी वहीत रोज लिहायच्या. ती वही मी वाचत नव्हते. मी घरी आल्यावर त्या म्हणायच्या, ‘ताई, वही बगता का?’ आणि मी म्हणायचे, ‘उद्या.’

कारण त्या पावसाळ्यात मी एक काम अंगावर घेतलं होतं. एका संस्थेचा प्रकल्प होता. आपल्याकडच्या कोरड्या, तापणाऱ्या डोंगरांवर किती प्रकारच्या वनस्पती उरल्यात ते मोजायचं. जिल्ह्यातले सात डोंगर, प्रत्येकावर वीस प्लॉट. प्लॉट म्हणजे दोरीनं आखलेला दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन. त्यातलं प्रत्येक झाड, झुडूप, वेल, रोपटं नाव घेऊन मोजायचं. शेवटी सातही डोंगरांना गुण द्यायचे, दुर्मिळ जातीला जास्त, आणि पहिल्या तिघांचीच संरक्षणासाठी शिफारस जाणार. पहिल्याच मीटिंगमध्ये मी विचारलं होतं, ‘आणि बाकीचे चार?’ प्रकल्पाचे साहेब चांगले गृहस्थ आहेत, ते दमलेल्या आवाजात म्हणाले, ‘मॅडम, सगळं वाचवता येत नाही. आधी कुठलं वाचवायचं, एवढंच आपण सांगतो.’

त्यातला एक डोंगर फर्दापूरच्या अलीकडं. त्याला पांढरीचा डोंगर म्हणू या. खरं नाव मुद्दाम देत नाही, त्याचं कारण पुढं येईल. तिथं माझ्या सोबतीला कचरूभाऊ असायचे. वनखात्यात मजूर होते, आता निवृत्त. साठी उलटलेली, गुडघे गेलेले, पण पानाकडं नुसतं बघून झाड सांगायचे. ते मोठ्यानं नावं घ्यायचे, मी कागदावर लिहायचे. ‘धावडा तीन. सालई येक. मोई दोन. धायटी लई हाये, मोजू का अंदाजानं लिव्हता?’

‘मोजा, कचरूभाऊ.’

‘व्हय. मोजतो.’

पहाटे साडेचारला उठायचं, आईची औषधं काढून ठेवायची, साडेपाचची एसटी धरायची, अडीच-तीन तास खिडकीला डोकं टेकून जायचं. दिवसभर चढउतार, कुसळं मोज्यातून पायात. परत संध्याकाळची एसटी. घरी येईपर्यंत साडेसात. त्यात पाणी यायचा दिवस असला की आल्या आल्या टाक्या भरायच्या. आई रात्रीतून चार वेळा उठणार... मी तक्रार करत नाहीये. पण तेव्हा मी कशी होते ते कळावं म्हणून सांगते. मी थकले होते, आणि हा एका झोपेत जाणारा थकवा नव्हता.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदा शोभाताई म्हणाल्या, ‘ताई, आज्जी आज लई बोलल्या. दिवसभर नंबर सांगत व्हत्या.’

‘टेलिफोनचे असतील,’ मी म्हणाले आणि बूट काढले.

पुढं दोनतीनदा त्यांनी तेच सांगितलं. एकदा ‘नंबर आन् झाडं’ असंही म्हणाल्या बहुतेक. ऐकू आलं असेल मला, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही.

आता पुढचं. हे मी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही.

पांढरीच्या डोंगरावरचा तिसरा दिवस होता. अकरा ते पंधरा नंबरचे प्लॉट करायचे होते. आदल्या रात्री आई झोपलीच नव्हती, म्हणजे मीही नाही. पाऊस आठवडाभर थांबलेला, अंगाला चिकटणारा उकाडा. तेरावा प्लॉट झाला आणि कचरूभाऊ गुडघा धरून खाली बसले. म्हणाले, ‘मॅडम, वरचा तुमी बगून येता का? मला आता चढवत नाय.’ चौदावा प्लॉट वरच्या अंगाला, उभ्या चढावर. मी एकटी निघाले. निम्म्या वाटेवर एक मोईचं झाड लागलं. सावलीत दोन मिनिटं टेकावं म्हणून बसले, आणि मग उठलेच नाही.

तिथं बसून मी चौदाव्या प्लॉटचा कागद भरला. तेराव्याचेच आकडे थोडे इकडंतिकडं केले. धावडा तीनचे चार, तेंदू एक वाढवला, एक शतावरी टाकली. पेन्सिलीनं. वेळ लिहिली १.१५. वर गेलेच नाही. खाली आले तेव्हा कचरूभाऊंनी विचारलं, ‘झालं?’ मी म्हणाले, ‘झालं.’ मग उतरता उतरता दोघांनी मिळून पंधरावा प्लॉट केला.

बावीस वर्षं मी मुलांना सांगतेय – जे दिसलं तेच लिहा, नाही दिसलं तर नाही लिहा. एसटीत बसल्यावर वाटलं होतं की आता खूप वाईट वाटेल. पण झोप लागली.

त्यानंतर दहाबारा दिवसांनी आईला डॉक्टरांकडं न्यायचं होतं. ते वही मागतात, म्हणून आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी पहिल्यांदा ती वही उघडली. आई शेजारी पलंगावर घोरत होती. सुरुवातीची पानं नेहमीचीच. ‘९.२० घरी जायचं म्हणून रडल्या.’ ‘११ वाजता नवऱ्याला डबा द्यायचा म्हणाल्या.’ मग ऑगस्टमधलं एक पान आलं.

‘१०.०५ – एक. धावडा पाच. सालई दोन. बारतोंडी एक. १०.५० – दोन. धावडा दोन, मोई एक, पळस एक...’

मी ते पुन्हा वाचलं. पहिला विचार आला तो शोभाताईंचा. खेड्यातल्या आहेत, झाडं माहीत असणार, वेळ जावा म्हणून आईला नावं म्हणायला लावत असतील. मग उठून माझी फील्डची फाईल काढली. पांढरीचा डोंगर, पहिला दिवस, प्लॉट एक. सुरुवात १०.०५. धावडा पाच, सालई दोन, बारतोंडी एक.

 

मी सगळी पानं लावून पाहिली. पहिला दिवस जुळला, दुसराही. आकडे तेच, नावं त्याच क्रमानं, वेळा दोनपाच मिनिटं मागंपुढं. जिथं कचरूभाऊंनी ‘धायटी लई हाये’ म्हटलं होतं, तिथं वहीत ‘धायटी पुष्कळ. मोजते. चाळीस’ असं होतं. माझ्या कागदावरही चाळीस.

मग तिसरा दिवस आला. मी पान उलटायला घाबरत होते, हे कबूल करते. अकरा बरोबर, बारा बरोबर, तेराही बरोबर, १२.१० ला. आणि त्याच्याखाली शोभाताईंच्या त्या स्वच्छ अक्षरात –

‘१२.५५ ते १.४०. चौदा राहिला म्हणतात. चौदा कुणी घेतलाच नाही. सारखं तेच. पाणी दिलं, घेतलं नाही. चिडल्या. २ वाजता पंधरा सुरू.’

सोमवारी शोभाताई आल्या तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला आणि विचारलं की ही नावं आईला कुणी शिकवली. मी नीट विचारलं असं मला वाटत होतं, पण त्यांना ते लागलं.

‘मी कशाला शिकवू, ताई? मी ढोरामागं वाढलेली बाई, मला झाडं ठावं हायेत. पन आज्जी जे बोलल्या त्येवढंच लिवलं. ते मोई म्हंजी काय ते बी मला उमगलं नव्हतं. आमच्याकडं त्याला मोयन म्हन्तात.’

ते मला पटलं. मोई हा शब्द कचरूभाऊंचा. शोभाताईंनी त्यांना कधी पाहिलेलं नाही.

‘कशी बोलते हो आई? म्हणजे नुसती पुटपुटते की...’

शोभाताईंनी कप खाली ठेवला. ‘पुटपुटत नाय. कुनी पल्याडून सांगतंय आन् त्या ऐकून घेत्यात, असं. हात असा कानाला. मदीच म्हन्तात – हां, बोला. पुन्हा सांगा. अन् मंग झाडाचं नाव.’

मी जेवढं तपासता येईल तेवढं तपासलं. डोंगरावर मोबाईलला रेंज नसते. कागद माझ्या पिशवीत, पिशवी माझ्या खांद्यावर, आणि शोभाताई लिहितात तेव्हा मी शंभर किलोमीटर लांब. तेव्हाच्या तेव्हा माहिती घरी पोचायला काही रस्ताच नाही. भावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, तू थकलीयस. दोन दिवस इकडं ये.’ डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटना जुने शब्द अचानक आठवतात. जुने शब्द, ठीक आहे. पण आईनं उभ्या आयुष्यात सालईचं झाड पाहिलेलं नाही. तिला तुळस आणि कढीपत्ता सोडून तिसरं झाड ओळखता येत नव्हतं, शहाणी होती तेव्हासुद्धा.

आणि चौदाव्याचं काय? ते मी भावाला सांगितलं नाही, डॉक्टरांनाही नाही.

मग मी एक गोष्ट केली. वेरूळच्या पाठीमागच्या एका डोंगराचे शेवटचे पाच प्लॉट राहिले होते. वाघदऱ्याचा डोंगर म्हणू. तिथं मी एकटीच जायचे, तो जवळ होता. शोभाताईंना सांगितलं की आज कॉलेजात आहे. आणि प्लॉट उलटे घेतले – विसावा आधी, मग एकोणीस, मग खाली खाली सोळापर्यंत. शिवाय एकही नाव तोंडानं घेतलं नाही. ओठ मिटून लिहीत राहिले.

सहा वाजता घरी आले. आई खिडकीपाशी खुर्चीत, मांडीवर रिकामी ताटली घेऊन. शोभाताईंनी वही पुढं केली.

‘१०.४० – वीस.’ मग एकोणीस. मग अठरा. सगळं माझ्या कागदावर होतं तसं. शेवटी सोळा. आणि खाली – ‘३.१५. चौदा राहिला. रडल्या.’

‘ताई,’ शोभाताई हळूच म्हणाल्या, ‘चौदा म्हंजी काय हो? एकदाचं देऊन टाका न त्येंना, काय आसंल ते. जीव तुटतो बगून.’

मी बाथरूममध्ये गेले, नळ सोडला. नळाला पाणी नव्हतं. 

सप्टेंबर लागला. अहवाल द्यायचे दिवस आले. मी सातही डोंगरांचे गुण मांडले. पहिले दोन उघडच पुढं होते. तिसऱ्या जागेवर वाघदऱ्याचा डोंगर आला आणि पांढरीचा चौथा, अगदी थोडक्यात. म्हणजे पांढरीचा डोंगर यादीच्या बाहेर. त्याच्या एका अंगाला खडी फोडायला परवानगी मागितलेली आहे, हे कचरूभाऊंनी मला सांगितलं होतं.

सगळं नियमाप्रमाणं झालेलं. कागद स्वच्छ होते. मी तो अहवाल तसाच पाठवला असता तर कुणाला काही कळलं नसतं. ‘पाठवा’चं बटण दाबायचं तेवढं बाकी होतं, आणि आत आई म्हणत होती, ‘चौदा... अहो, चौदा राहिला.’ आता ती फील्ड नसलेल्या दिवशीही म्हणायला लागली होती. जेवताना, न्हाताना. घास तोंडात धरून बसायची. तिचं वजन उतरत चाललं होतं.

मी कचरूभाऊंना फोन लावला.

‘उद्या येऊ शकाल का डोंगरावर?’

‘काम तर झालतं न, मॅडम?’

‘एक प्लॉट राहिलाय.’

 ते म्हणाले, ‘चौदावा न्हवं?’

‘हो.’

‘तुमी लई लौकर खाली आल्या व्हत्या त्या दिशी,’ कचरूभाऊ म्हणाले. ‘म्या म्हनलं, आसूंदे. बाई दमलीया. या तुमी उद्या. सावकाश चढू.’

सावकाशच चढलो. ते काठी टेकत, मी त्यांच्या मागं. त्या मोईच्या झाडाखालून गेलो. वर जागा सापडली, दोरी लावली. कचरूभाऊ नावं घेऊ लागले. धावडा दोन. तेंदू नाही. शतावरी नाही. उताराची जागा, माती वाहून गेलेली, नुसते दगड. मी झाडाखाली बसून लिहिलेली यादी खऱ्यापेक्षा श्रीमंत होती! खरा प्लॉट भरला असता तर पांढरीचा डोंगर आणखी खाली गेला असता. मला हसू आलं. शंभर किलोमीटर, एक रजा, एका म्हाताऱ्या माणसाचे गुडघे... आणि हे.

‘झालं,’ मी म्हणाले. ‘चला.’

‘थांबा.’ कचरूभाऊ वरच्या कोपऱ्यातल्या निवडुंगाच्या जाळीपाशी वाकले होते. काठीनं त्यांनी एक फांद बाजूला केली. ‘मॅडम, ह्ये बगा. खर्पुडी. आमी ल्हानपनी कंद खनून खायचो हिचे. लई वर्सात दिसली नाय.’

निवडुंगाच्या काट्यांच्या आडोशानं एक नाजूक वेल वर चढली होती आणि तिला फुलं होती. बोटाएवढी, हिरवट, तोंडाशी छोट्या कंदिलासारखा पिंजरा असलेली. कंदीलपुष्प. त्यातली नेमकी कुठली जात ते इथं लिहीत नाही आणि जागाही सांगत नाही, कारण लोक कंद खणायला जातात. एवढंच सांगते की ती जात आपल्या भागात फार थोड्या ठिकाणी उरलीय, आणि मी ती आतापर्यंत फक्त वाळवून कागदावर चिकटवलेली पाहिली होती. गुडघ्यावर बसून मोजल्या. नऊ वेली. दोरीच्या आत नऊ.

आनंद झाला असं म्हणवत नाही. मी तिथंच खडकावर बसून राहिले. कागदावर वेळ लिहायची होती म्हणून घड्याळ पाहिलं – १२.५०.

घरी पोचले तेव्हा शोभाताई दारातच उभ्या होत्या. आई झोपली होती. संध्याकाळच्या वेळी ती कधीच झोपत नाही.

‘आज काय म्हणाली आई?’

‘दुपारपातूर चौदा-चौदा चालूच व्हतं. येकदा हात असा कानाला लावला. लई वेळ ऐकलं. मंग म्हनल्या –’ शोभाताईंनी वही उघडली, त्यांना शब्द चुकवायचा नव्हता. ‘हां. नऊ. मिळालं. ठेवते.’

‘ठेवते?’

‘व्हय. ठेवते. आन् कानाचा हात काडला. वरनभात मागितला. पोटभर जेवल्या, आन् तवापासून निजल्यात बगा.’

वहीत वेळ होती, १२.५०.

मी आईजवळ जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. तिनं डोळे उघडून माझ्याकडं बघितलं, आणि ती मला ओळखेल असं मला खरोखर वाटलं. ती म्हणाली, ‘बाई, तुमची ड्यूटी संपली का?’

‘संपली,’ मी म्हणाले.

‘मग जा की घरी.’ आणि पुन्हा झोपली.

त्या दिवसानंतर आई ते कधीच बोलली नाही. आकडा नाही, झाड नाही. मी नंतर आणखी दोन डोंगरांवर फेरतपासणीसाठी गेले, वहीत फक्त औषधं आणि रडणं. तिची तब्येत आता आहे तशीच आहे. बरी झाली असं नाही.

मी खोटा कागद फाडला, खरा लावला. साहेबांना एवढंच लिहिलं की एक प्लॉट पुन्हा तपासला. त्यांनी काही विचारलं नाही. त्या नऊ वेलींनी पांढरीच्या डोंगराला चौथ्यावरून तिसऱ्यावर नेलं आणि त्याची शिफारस गेली. खडीची परवानगी सध्या तरी थांबलीय. कचरूभाऊ फोन करून सांगतात, ‘हाये बरं का. बगून आलो.’

यावर मी खूप विचार केलाय. सुरुवातीला स्वतःला समजावलं होतं – आई आहे, लेकीचं तिला काहीतरी ऐकू येत असेल, अशा गोष्टी लोक सांगतात. तेही मला पटत नव्हतं, पण निदान धरून बसायला काहीतरी होतं. ते चौदाव्यापाशी तुटतं. आई माझं ऐकत असती, माझ्या मनातलं, तर तिला माझे खोटे आकडे ऐकू आले असते. धावडा चार, शतावरी एक. ते तिला कधीच आले नाहीत. तिला सांगणारं जे कुणी होतं ते मी नव्हते. कचरूभाऊही नव्हेत, ते खाली गुडघा धरून बसलेले. मग त्या उतारावर होतं कोण? मला माहीत नाही. माहीत करून घ्यायची ताकदही आता नाही.

आणि दुसरंही एक आहे. पांढरीचा डोंगर वर गेला म्हणजे वाघदऱ्याचा खाली आला. तो चौथा झाला, यादीबाहेर. त्याचे वीसच्या वीस प्लॉट मी इमानदारीनं घेतले होते, उन्हात, एकटीनं. त्याच्या पायथ्याशी हिवाळ्यात खडी फोडायचं काम सुरू झालं.

जानेवारीत भाऊ आला होता. आईला घृष्णेश्वराचं दर्शन घडवू म्हणाला, म्हणून गाडीनं निघालो. तो रस्ता त्या डोंगराखालूनच जातो. मशीन चालू होतं, कडेची झाडं पांढरी पडलेली. मी मागं आईच्या शेजारी होते. मी तिच्याकडं बघत होते, तिचा हात कानाकडं जातो का ते. मला वाटत होतं की जावा. इथलंही कुणीतरी तिला काही सांगावं, म्हणजे मला ते करता येईल.

आई बाहेर बघत होती. डोंगर संपत आला तसं तिनं पदर नाकाला लावला.

‘बाई,’ ती म्हणाली, ‘काच लावा. धूळ येतेय.’

मी काच लावली.